न दाखवलेला भाग

नव्वदच्या दशकातल्या एका गुरुवारी संध्याकाळी साडेसातला मराठी मालिकेचा पुढचा भाग लागला नाही. चित्रीकरणाचे तंत्रज्ञ संपावर गेले होते. त्या वेळेत जलतरंगवादन दाखवण्यात आले. रोह्यातल्या बहुतेक घरांनी टीव्ही बंद करून पाने वाढायला घेतली. जलतरंग शेवटपर्यंत पाहणारा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच निघाला असता, आणि ते म्हणजे माझ्या वडिलांचे कंपनीतले मित्र. त्यांना आम्ही फिटरकाका म्हणत असू.

फिटरकाकांना स्वस्थ बसता येत नसे. केमिकल कंपनीत पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली होती. घरीही ते कुठे काही गळते आहे का, हे पाहत फिरत. कुणाकडे चहाला गेले की कप हातात घेऊन दाराची बिजागरी तपासत, आणि खिशातला पेचकस काढून यजमानांच्या देखत ती आवळून टाकत. लग्नाच्या पंगतीत त्यांनी मांडवाचा खांब सरळ केल्याचे मी स्वतः पाहिले आहे. मालिकाही ते उभ्यानेच पाहत, टीव्ही ते खिडकी अशा फेऱ्या घालत. "पंख्याला तरी बटण हाय," असे काकू म्हणत. पण या फेऱ्यांत त्यांचे लक्ष पक्के असे, कारण ते स्वतःसाठी पाहत नव्हते. त्यांची थोरली बहीण, अक्का, रोह्याच्या अलीकडच्या निडी स्टेशनाजवळ राहत होती. खुब्याचे हाड मोडल्यापासून ती अंथरुणावर होती. घरात टीव्ही नव्हता आणि शेजारी जाणे तिला शक्य नव्हते. दर शुक्रवारी काका पॅसेंजरने निडीला जात आणि कालचा भाग तिला सांगत. कुणी कोणती साडी नेसली होती, कोण कोणत्या दाराने आत आले, सगळे. पदरचा एक शब्द घालत नसत. जाहिरातींची वेळ आली की "इथं जाहिराती झाल्या" म्हणून तेवढा वेळ गप्प उभे राहत. अक्काही गप्प राहत असे.

संप सुरू झाला तेव्हा काकांची पंचाईत झाली. ते युनियनचे जुने सभासद होते आणि पूर्वीच्या एका संपात स्वतः कंपनीच्या गेटवर उन्हात बसलेले होते. त्यांनी टीव्ही केंद्राला एक पोस्टकार्ड लिहिले आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणले. मी एका दैनिकाचा रोह्यातला वार्ताहर होतो. कार्डाच्या वरच्या अर्ध्या भागात संपकऱ्यांना जाहीर पाठिंबा होता आणि खालच्या अर्ध्यात मालिका न दाखवल्याबद्दल तीव्र निषेध. "दोन्ही खरं हाय," ते म्हणाले. "कुठलं खोडू?" मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून कार्ड परत दिले.

पहिल्या शुक्रवारी त्यांनी निडीला जाऊन जलतरंग सांगितले. वाट्या सोळा होत्या, उजवीकडच्या लहान होत्या. अक्का म्हणाली, "मेल्या, वाट्या काय मोजतोस? दाराचं काय झालं ते सांग."

दाराची गोष्ट अशी होती. मालिकेत मनाविरुद्ध लग्न केलेली मुलगी आईच्या दाराशी येऊन उभी होती. आई आत, हिरव्या साडीत, कडीवर हात ठेवून. भाग तिथेच संपला होता. अक्काची मुलगीही असेच लग्न करून पेणला गेली होती. तिथे गणपतीच्या कारखान्यात ती मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत असे. आठ वर्षांपूर्वी ती एकदा निडीला आली होती. अक्काने दार उघडले नव्हते. त्यानंतर दोघींची भेट नव्हती. घरात तिचे नाव निघत नसे, निघालेच तर 'पेणची' एवढेच.

दुसऱ्या गुरुवारीही जलतरंगच लागले. शुक्रवारी काका मला बरोबर घेऊन गेले. "तू पेपरवाला. तू सांगितलंस तर पटेल तिला," म्हणाले. अक्काला एका कानाने कमी ऐकू येई. मी सांगायच्या आधीच काका दारातून मोठ्याने म्हणाले, "अक्का, मालिकेचा संप हाय गो. संप."

"संपली?" अक्का म्हणाली.

दुरुस्ती देणे माझे काम होते. मी दिली नाही.

"मग उघडलान का दार तिनं?"

काकांनी खिडकीपर्यंत एक फेरी मारली, परत आले.

"उघडलान," ते म्हणाले.

"काय बोलली?"

"काय नाय बोलली. पाणी दिलान."

अक्का म्हणाली, "साडी कुठली होती?"

"निळी."

"दाराशी उभी होती तेव्हा तर हिरवी होती. कडीवर हात ठेवून साडी बदललान व्हय?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. मी वहीकडे पाहिले.

"आसू दे," अक्का म्हणाली. मग मला म्हणाली, "तू लिवतोस नं? एक कार्ड लिव पेणला. ये म्हणावं. जास्त काय लिवू नको." आणि काकांना, "तुझ्याजवळ पेचकस हाय. ती आतली कडी काढून ने. माझ्यानं उठवत नाय."

काकांनी चारही स्क्रू काढले. पुष्कळ वेळ लागला. मी कार्ड लिहिले, पत्ता काकांनी तोंडपाठ सांगितला. रोह्याला परतल्यावर ते त्यांनी स्टेशनाबाहेरच्या पेटीत टाकले.

पुढच्या मंगळवारी सकाळच्या पॅसेंजरने अक्काची मुलगी निडीला उतरली. त्याच आठवड्यात संप मिटला. गुरुवारी मालिकेचा राहिलेला भाग लागला. हिरव्या साडीतली आई कडीवरचा हात काढून आत निघून गेली. काकांनी तो भाग उभ्याने, पण एकाच जागी थांबून पाहिला.

शुक्रवारी ते निडीला गेले. मुलगी तिथेच होती. अक्काने भाग विचारला नाही, त्यांनी सांगितला नाही. जाहिरातींएवढा वेळ तिघेही गप्प होते, असे काका म्हणाले.

अक्का गेली, नंतर काकाही गेले. त्यांची हत्यारांची पिशवी काकूंनी मला दाखवली. कडी तिच्यात आहे. स्क्रू चार आहेत, कागदाच्या पुडीत, वर 'निडी' लिहिलेले.