चुंबकांमधली पट्टी

बजाजनगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे ते गृहस्थ कंपनीतून आले की घरी स्पीकर बनवत बसायचे. त्यांच्या स्पीकरला कागदी कोन नव्हता. दोन जाड लोहचुंबकांच्या फटीत ॲल्युमिनियमची चुण्या पाडलेली पातळ पट्टी असायची, आणि तीच थरथरून गायची. तिच्याजवळ ते तोंडाला रुमाल लावूनच बोलत. "श्वासानंबी फाटती, भाऊ. लई नाजूक काम हाय."

एका रविवारी ते चहा आणायला आत गेले. मी पट्टी बघायला वाकलो, तोच माझ्या हातातला किल्ल्यांचा जुडगा चुंबकानं खेचून घेतला आणि पट्टी फाटली. मी घाईनं जुडगा उपटून खिशात टाकला.

ते चहा घेऊन आले आणि फाटलेल्या पट्टीवर वाकले. मग म्हणाले, "माझंच चुकलं. खिडकी उघडी राह्यली, वारं शिरलं."

"असेल," मी म्हणालो.

मे महिन्यात पुन्हा गेलो, तर त्यांनी ती खिडकी खिळे ठोकून कायमची बंद केली होती. घामानं निथळत ते नव्या पट्टीला चुण्या पाडत होते.

"बसा, भाऊ. आता वाऱ्याची भीती नाय."

मला तेव्हाही खरं सांगता आलं नाही. त्यांच्या नजरेला नजर न देता मी बसलो.