खांबावरचा प्रचार

माझ्या युनियनच्या वर्गणीतून कुणाची तरी निवडणूक लढवायची, हे मला आधी मुळीच पटलं नव्हतं. मी रत्नागिरीत कंत्राटी वायरमन. खांबावर चढायचं, गेलेली लाईन आणायची, आणि मधूनच ठेकेदार बदलला की पुन्हा नवा माणूस म्हणून कामाला लागायचं. कायम व्हायला वयाची अट होती आणि ही निवडणूक गेली की पुढचीपर्यंत माझं वय उलटणार होतं. म्हणून युनियनच्या सभेत उठून मी विचारलं, "आपलं भांडण साहेबाशी. मग उमेदवाराच्या बॅनरांवर आपला पैसा कशाला?"

सेक्रेटरी पोफळीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलेला, अंगाने लहान, आवाजाने दांडगा. म्हणाला, "मेल्या, साहेबाशी भांडून हातमोजे मिळतील. कायम करायचं साहेबाच्या हातात हाय काय? ते वर विधानसभेत ठरतं. तिथं आपल्यासाठी तोंड उघडणारा नको?"

पटलं. खरं तर आशेने पटलं. घरी आईला सांगून टाकलं, या खेपेला कायम होणार. तिने लगेच ग्रामदेवीला नारळ बोलून ठेवला.

उमेदवाराची पहिली सभा मालगुंडला होती. सेक्रेटरीने बजावलं होतं, बॅनर रस्त्याकडेच्या आंब्याच्या कलमांना बांधा, बागवाल्यांना विचारलंय. पण आमचे पाय खांबांकडेच वळले. अख्खी हयात खांबावर गेलेली, झाड कुणाला सुचणार? आणि खांबाला हात लावायच्या आधी लाईन बंद करायची, ही शिस्त तर हाडामांसात भिनलेली. एकाने जाऊन डीपीवरचे फ्यूज काढले. तिकडे आमचा उमेदवार "कंत्राटी कामगारांचा आवाज" एवढं बोलला आणि माईक बंद पडला.

बॅनर मात्र झकास बसले. दुसऱ्या दिवशी तक्रार आली: विजेच्या खांबांवर बेकायदा बॅनर. तक्रार आमच्याच ऑफिसात आली आणि काढायला आम्हालाच धाडलं. फार वेळ लागला, कारण बांधणाऱ्यांनी तारेने आवळून बांधले होते. आमचं बघून बाकीच्या उमेदवारांनीही खांब धरले. मतदान होईपर्यंत आम्ही रोज बॅनर उतरवत फिरलो. साहेब खूश झाला. त्याने वर कळवलं की आमची माणसं बॅनर काढायला फार वाकबगार आहेत.

आमचा उमेदवार निवडून आला आणि शब्दाला जागला. पहिल्याच अधिवेशनात त्याने विचारलं, या वायरमनना कायम कधी करणार? सरकारचं उत्तर आलं: सदर कामगार निवडणूक काळात बॅनर काढण्याचे काम करीत असून ते काम तात्पुरत्या स्वरूपाचे आहे.

सेक्रेटरीच्या मोबाईलवर आम्ही ते वाचलं. बाकीचे पोट धरून हसले. मीही हसलो आणि हसता हसता रडू आलं.

सेक्रेटरीने मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाला, "पुढच्या टायमाला झाडांना बांधू."

"तवा माझं वय गेलेलं असेल."

"तुझं जाईल रे. मागून लागलेल्यांचं नाय जाणार."

मला त्याचा संताप आला. तरी त्या महिन्याची वर्गणी मी दिली.

घरी आई देवीचा नारळ पुसत बसली होती. म्हणाली, "कवा फोडायचा रे?"

"उद्याच फोड," मी म्हटलं. "होईल कुणीतरी कायम."