वस्तीपुढची रिकामी जागा

त्या उन्हाळ्यात मी परभणीच्या एका सरकारी कार्यालयात आकडे भरणारा कारकून होतो. नोकरी तात्पुरती होती आणि ऐट कायमची. कार्यालयात नवा संगणक आला होता. त्याच्या खोलीत जाताना साहेबसुद्धा चपला बाहेर काढत. मी मात्र त्या खोलीत दिवसभर बसायचो, गार हवेत, आणि बाहेर चपलांची रांग बघून मनातल्या मनात हसायचो.

गावोगावच्या पाण्याचे तक्ते तेव्हा आमच्याकडे येत. कुठल्या तालुक्यात, कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात, कुठल्या विहिरीला किती पाणी, असे. पूर्वी साहेबांनी काही विचारलं की तीन दिवस रजिस्टरं उलथीपालथी करावी लागत. मी संगणकात एकच प्रश्न लिहून ठेवला आणि त्यात रिकाम्या जागा सोडल्या: तालुका, गाव, वस्ती, महिना. प्रश्न तोच, फक्त जागा भरायच्या. सोनपेठ भरलं की सोनपेठचं उत्तर, जिंतूर भरलं की जिंतूरचं. जागा कोरी ठेवून बटण दाबलं की यंत्र समजायचं, सगळ्यांची बेरीज हवी आहे. तक्ते वस्तीपर्यंत तपशिलाचे होते, पण साहेबांना गावाचा आकडा लागायचा. म्हणून वस्तीची जागा मी कोरीच ठेवायचो. बोटाला तशी सवयच लागली.

एका दुपारी माय कार्यालयात आली. गावाहून येष्टीनं, मग स्टँडपासून पायी. ती फाटकाशीच उभी राहिली, आत येईना.

"हिरीत गाळ बी न्हाई राह्यला," ती म्हणाली. "हापश्याला नुसती हवा यायलीय. तू हापिसात हायस. सायबाला सांगून येक टँकर धाड, लेकरा."

हीर म्हणजे आमच्या वस्तीची. गावची मोठी विहीर वेगळी, ती आटत नाही. पण विद्यापीठाच्या नामांतरासाठी आमच्या वस्तीनं मोर्चा काढला, त्या दिवसापासून तिथं आमचा पोहरा चालत नव्हता. आधी तरी कुठं राजीखुशीनं चालत होता! हा भेद गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. माझ्या प्रश्नाला ठाऊक नव्हता.

"अर्ज आलाय तुमचा," मी मायला सांगितलं. "आज निकाली काढतो."

निकालीच काढला. गावाचं नाव भरलं, महिना भरला, वस्तीच्या जागेवर सवयीनं बटण दाबलं. दोन्ही कडांना भोकं असलेला कागद खरखरत बाहेर आला: पाणी पुरेसं. साहेबांनी त्यावर शेरा मारला, टँकरची गरज नाही.

"आडातच नसतं तर पोहऱ्यात कुठून आलं असतं?" ते हसून म्हणाले. "इथं आडात आहे की."

आडात होतं हो. पोहराच बाहेर ठेवलेला होता, आणि तो बाहेर ठेवायला मी, त्या वस्तीत जन्मलेला मुलगा, यंत्राला मदत करत होतो. मी पळत आत गेलो, तोच प्रश्न पुन्हा लावला, या वेळी वस्तीची जागा भरून. विहिरीपुढे शून्य, हापशापुढे शून्य.

"तुमचंच गाव ना हे?" साहेबांनी चष्म्यावरून विचारलं. माझे शब्द त्यांनी ऐकले नसते. पण यंत्राच्या कागदावर त्यांचा देवावर असावा तसा विश्वास. टँकर मंजूर झाला. त्याच दिवशी मी प्रश्न बदलला. वस्ती भरल्याशिवाय तो पुढं सरकणार नाही, असा केला. दुसऱ्या एका प्रश्नात टँकरच्या खेपाही तशाच मागवल्या. महिन्याअखेर आमच्या वस्तीचं उत्तर आलं: ठरलेल्या सगळ्या खेपा पोचल्या. खाली "तपासले" लिहून मी सही ठोकली आणि हॉटेलात जाऊन एकट्यानंच डबल चहा प्यालो.

पुढच्या रविवारी गावी गेलो. घरात शिरलो तर रांजण पालथा. माय दारात बसून पायाला तेल चोळत होती.

"टँकर येत नाही का?"

"येतो की. रोज येतो," ती म्हणाली. "गावच्या हिरीत सोडतेत अन् जातेत. आमी बघायलोत दुरून."

वस्तीत पाणी साठवायला टाकी नव्हती. टँकर विहिरीत रिकामा करायचा हीच रीत. आमच्या कोरड्या विहिरीत पाणी मुरून जातं म्हणायचे, आणि भरलेली विहीर एकच, गावची. ग्रामसेवक कागदावर वस्तीचं नाव लिहून खेप पोचल्याची सही द्यायचा. खोटं तरी काय होतं त्यात? टँकर आमच्याच नावाचा होता. पाणी गाव पीत होतं. वस्तीच्या बाया विहिरीपासून लांब घागरी मांडून बसायच्या. कुणाला दया आली तर वरून ओतायचे. मायला ते मानवत नव्हतं. ती गोदावरीच्या पात्रात वाळू उकरून झऱ्याचं पाणी आणायची, सत्तरीला टेकलेली बाई.

सोमवारी मी साहेबांपुढे अक्षरशः रडलो. त्यांनी शांतपणे फाइल उघडली आणि माझाच कागद माझ्यापुढे धरला. "खेपा पूर्ण. तपासले. ही सही कुणाची?"

आता काय विचारावं, ते मला कळेना. पाणी कुणी भरलं, कुणाला भरू दिलं नाही, असा रकानाच तक्त्यात नव्हता. जे आत आलंच नाही, ते प्रश्नात कितीही जागा सोडल्या तरी बाहेर कुठून येणार? आधी निदान अर्ज करता येत होता. आता अर्ज केला की माझा कागद आडवा येत होता. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, तसं झालं. मी साधा अर्ज लिहिला, टाकीसाठी. तो अर्ज कागदांखाली दबत गेला.

त्या महिन्यात माय नदीच्या उतारावर घागरीसकट पडली. खुबा मोडला. निरोप आला तेव्हा मी यंत्रापुढेच होतो, महिन्याचा कागद काढायचा दिवस होता. यंत्रानं ओळीनं विचारलं. मी तालुका भरला, गाव भरलं, वस्ती भरली, महिना भरला. उत्तर आलं: सगळ्या खेपा पोचल्या.

साहेब दारात उभे होते, हात पुढे करून. नोकरी तात्पुरती होती, आणि आता दवाखानाही होता.

मी "तपासले" लिहिलं, सही केली, आणि साडेतीनच्या येष्टीनं गावी गेलो. माय बाजेवर पडली होती. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाणी मागितलं.