तुरटीचा दोरा

अंबाजी मास्तरांचा एक लाडका प्रयोग होता, आणि हैदराबादेतल्या जामबागच्या मराठी शाळेत त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराला तो चुकला नाही. कढत पाण्यात तुरटी विरघळवायची, पेल्यावर पेन्सिल आडवी ठेवायची आणि तिला बांधलेला दोरा पाण्यात सोडायचा. काही दिवसांनी दोऱ्यावर चकचकीत, कोनदार खडे जमत. मग मास्तर पेला खिडकीच्या उजेडात धरून सांगत, "याला म्हणतात घडण. भाषा असो, समाज असो, नाही तर माणूस असो, सगळं आधी असंच पाण्यात विरघळलेलं असतं. दोरा सोडावा लागतो. दोरा मिळाला की आकार येतो."

मास्तर म्हटला की तो शाळा वर्गात ठेवून घरी थोडाच येतो. घरी पाहुणे आले, चहा झाला, की अंबाजी स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणत, "आमच्या हिला मी घडवली. लग्न होऊन आली तेव्हा एक वाक्य धड मराठीत नव्हतं. आता ऐका." मग हाक मारत, "सावित्री!" आतून उत्तर येई, "अहो, आले हं." पाहुणे माना डोलावत. सावित्रीबाई पदर सावरत बाहेर येऊन पोह्यांच्या बशा ठेवत आणि काही न बोलता परत जात.

एकदा मात्र बोलल्या होत्या. मास्तर पाहुण्यांना दोऱ्याचं सांगत असताना त्या बशा उचलता उचलता म्हणाल्या, "दोरा कुणाचाही असला तरी तुरटी तुरटीसारखीच होते की." मास्तर मोठ्यांदा हसले होते. बायकोनं विज्ञानात तोंड घातलं म्हणून पाहुणेही हसले होते. दिव्याखाली अंधार असतो तो हा.

सावित्रीबाई तेलंगणातल्या भैंशाकडच्या. वडील मराठी शेतकरी, आई तेलुगू घरातली. पोर आईच्या मागे मागे वाढलेली, त्यामुळे तोंडात तेलुगूच. माहेरचं नाव भामा. अंबाजी देगलूरकडचे, हैदराबादेत नुकतीच नोकरी लागलेले, आणि परमुलखात आपली भाषा टिकवायची या विचारानं पेटलेले. लग्नात ताटात तांदूळ पसरून आले, तेव्हा त्यांनी अंगठीनं त्यात सावित्री असं रेखीव लिहिलं. नाव त्यांनीच निवडलं होतं. नवरीनं चटकन ते तांदूळ हाताच्या पंज्याखाली झाकले. बायका खिदळल्या, लाजली म्हणाल्या. अंबाजीही हसले. कुणीतरी तिचा हात बाजूला केला आणि नाव पुन्हा लिहिलं गेलं.

पुढचं घडवणं घरात चाललं. बाहेर हे गृहस्थ भाजीवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांशी खुशाल दखनीत बोलत, "नक्को" आणि "हौ" त्यांच्या जिभेवर बसलेले. तिथे शुद्धता आड येत नसे. नियम फक्त बायकोला होता. तिच्या तोंडून तेलुगू शब्द निघाला की हे ओरडत नसत, नुसते गप्प बसत. एकदा ती तापानं फणफणलेली असताना "नीळ्ळु" म्हणाली. पाण्याचा तांब्या यांच्याच हाताशी होता. हे थांबले. तिनं "पाणी" म्हटलं, मग यांनी दिलं. हे सगळं ते प्रेमानं करत होते. आपण हिला वर आणतोय, असं त्यांना मनापासून वाटत होतं. म्हणून तर त्याचा राग धरणंही अवघड.

गेल्या वर्षी सावित्रीबाई देवापुढे वात लावता लावता कलंडल्या. मुलगा संदेश कचेरीतून धावत आला आणि त्यांना कोठी भागातल्या एका दवाखान्यात नेलं. जीव वाचला, एक हात मात्र लुळा पडला. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले, ओठ हलवले आणि म्हणाल्या, "नीळ्ळु."

अंबाजी उशाशीच होते. पाण्याची बाटली हातात होती. आणि ते थांबले.

मनात काही दुष्टावा नव्हता. उभ्या आयुष्याची सवय होती, ती हातातच मुरली होती. सावित्रीबाईंनी पुन्हा तेच म्हटलं, आवाज आणखी बारीक झाला. तेवढ्यात शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईनं उठून त्यांच्या ओठांना पाणी लावलं. अंबाजींनी आपल्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं आणि त्यांना शरमेनं मेल्यासारखं झालं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मेंदूत शब्दांच्या जागीच धक्का बसला आहे. अशात कुणाची नंतर शिकलेली भाषा राहते, कुणाची पहिली. यांची पहिली राहिलेली दिसते. मधली वर्षंही पुसट झाली आहेत, ओळख पटेल असं सांगता येत नाही.

"परत शिकवली तर?" अंबाजींनी विचारलं.

"प्रयत्न करा," बाई म्हणाल्या. पण त्या त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या.

घरी आणल्यावर मास्तरांनी शाळा पुन्हा उघडली. पेला दाखवून "पेला", घड्याळ दाखवून "घड्याळ". त्यांना फार काही नको होतं. तिनं एकदा, फक्त एकदा, "अहो" म्हणावं, एवढंच. त्या एका शब्दात त्यांचा सगळा संसार होता. ते पलंगाशी बसून "सावित्री, सावित्री" अशा हाका मारत. त्या खिडकीबाहेर बघत राहत, कुणा भलतीलाच हाका चालल्यासारख्या.

"बाबा, आता लीव्ह इट ना," संदेश म्हणे. "आई कम्फर्टेबल आहे, दॅट्स ऑल. उगाच टॉर्चर कशाला?"

"तुला नाही कळायचं," अंबाजी म्हणत. ज्याला धड मराठी पाटी वाचता येत नाही त्यानं शिकवू नये, हे मात्र मनातच ठेवत.

काही महिन्यांनी दिवसभरासाठी रेणू नावाची बाई ठेवली. तेलुगू बोलणारी, हातानं हलकी. पहिल्याच दिवशी केस विंचरता विंचरता तिनं सहज विचारलं, "नी पेरेंदि अम्मा?" नाव काय तुझं?

"भामा," सावित्रीबाई ताबडतोब म्हणाल्या.

अंबाजी दारात उभे होते. ते नाव त्यांच्या घरात लग्नापासून कुणी उच्चारलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही. त्यांना वाटलं होतं ते कधीच विरघळून गेलं. ते पलंगाशी आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "भामा."

तिनं वळून पाहिलं. सरळ त्यांच्या डोळ्यांत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

अंबाजी न्हाणीघरात जाऊन रडले. नळ सोडून रडले, म्हणजे रेणूला ऐकू जाऊ नये. तरी गेलंच.

दुसऱ्या दिवसापासून विद्यार्थी बदलला. मास्तर रेणूकडून तेलुगू शिकू लागले. "तिन्नावा?" म्हणजे जेवलीस का. पाण्याचा शब्द शिकायची गरज नव्हती. म्हाताऱ्या जिभेवर नवी भाषा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. रेणू हसे, भामाही हसे, आणि अंबाजी मुद्दाम आणखी चुका करत. रोज सकाळी ती त्यांना विचारी, "मीरु एव्वरु?" तुम्ही कोण? ते म्हणत, "अंबाजी." नवरा म्हणायचा शब्द रेणूनं शिकवला होता, पण तो ओठांवर येत नसे. आधी तिनं "अहो" म्हणावं, मग आपण सांगू, असा त्यांचा हट्ट अजून तग धरून होता.

एका दुपारी रेणू पलंगाशेजारी बसून ताटात तांदूळ निवडत होती. भामानं ताट पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. धड असलेला हात तिनं पुढे केला आणि पंजा तांदळावर दाबून धरला. रेणू ताट ओढू लागली, पण तिनं सोडलं नाही. ती भराभर काहीतरी बोलू लागली. अंबाजींना त्यातलं एक "पेरु" तेवढं कळलं. नाव.

"क्या बोलरे उनो?" त्यांनी विचारलं.

रेणू खाली बघत राहिली. "कुछ नै सर. पुराना बोलरे."

"बोल तू."

"शादी है बोलरे इनकी," रेणू हळूच म्हणाली. "पटनम का, शहर का लड़का है, मास्टर है. चावल में नाम लिखके इनका नाम बदल देते बोलके डररे."

अंबाजी खाली बसले. तो पंजा त्यांनी पूर्वी पाहिला होता. हळदीचा, हिरव्या चुड्याचा, असाच तांदळावर घट्ट. तेव्हा ते हसले होते. दोरा कुणाचाही असला तरी, असं ती म्हणाली होती तेव्हाही ते हसले होते. सगळा जन्म तुरटीचे खडे दाखवण्यात गेला, आणि खड्याचा आकार दोऱ्याचा नसतो, तुरटीचा असतो, हे पोरांना सांगायचं राहूनच गेलं.

भामानं त्यांच्याकडे पाहिलं. हा म्हातारा कोण हे तिला ठाऊक नव्हतं, पण तो रोज येतो, जेवलीस का विचारतो, म्हणजे चांगला माणूस असावा. तिनं आवाज खाली आणून विचारलं, "मंचोडेना?"

रेणूनं तोंडाला पदर लावला. "लड़का अच्छा है क्या, पूछरे सर."

नवऱ्याचा शब्द अंबाजींना पाठ होता. आता सांगता आला असता. पण सांगितलं असतं तर समोरची मुलगी ज्याला भीत होती तो तिच्या पलंगाशीच बसलेला निघाला असता.

"बोल उसको," ते रेणूला म्हणाले, "लड़का कच्चा है अभी. बुरा नै है. समझता नै."

रेणूनं सांगितलं. भामानं ते नीट ऐकून घेतलं, विचार केला आणि अंबाजींच्या मनगटाला धरून म्हणाली, "पेरु मार्चोद्दनि चेप्पु."

हे त्यांना रेणूवाचून कळलं. नाव बदलू नको, म्हणून सांग त्याला.

"चेप्पता," अंबाजी म्हणाले. सांगतो.

तिनं तांदळावरचा हात उचलला आणि त्या परक्या माणसाकडे बघून हसली. "अहो" ऐकायची वाट बघणं अंबाजींनी त्या दुपारी सोडून दिलं.