मिठागरातून आडवी वाट
खडेमीठ हाताला लागलं की माझी पोटरी अजून ठणकते. पन्नास-बावन्न साली पनवेल बंदरातली गलबतं पाहायला गेलो होतो आणि लवकर पोचावं म्हणून बुटांसकट मिठागरातून आडवा निघालो. मागून पोटरीवर दांडकं बसलं आणि मी तोंडावर आपटलो. उठतोय तोच दुसरा तडाखा बसला. पांढऱ्या मिठावर रक्त सांडलं. "म्हयनाभर पायांनी तुडवून आमी हा तळ घट्ट केला, तुमी बुटांनी फोडलात," मिठागरातला मजूर खेकसला. मग त्यानंच जखमेवर तिथलं खारं पाणी ओतलं. मी गुरासारखा हंबरलो. "आमी रोज ह्यातच उभं रातो," तो म्हणाला. त्याच्या टाचांच्या भेगांतून रक्त येत होतं. गलबतं मी पाहिली की नाही, ते आज आठवतही नाही.