मागच्या बाकावरचा शेरा

या गं पोरींनो, जरा जवळ सरका. रोज या पानावर कुणाच्या तरी मावशीच्या नणंदेला दिसलेली हडळ वाचता, खाली ‘बापरे’ लिहिता, आणि घरातल्या म्हातारीला कधी विचारता का, तुझं काय म्हणून? न्हाय विचारत. आता ऐका, आणि मधेच ‘पुढं काय’ करू नका. एका बोटानं टाईप करतेय मी.

आधीच सांगते, माझा असल्यावर विश्वास न्हाय. निपाणीत विड्या वळण्यात जन्म गेला, पिंपळाखालनं, मसणवट्याजवळनं विड्यांचं सूप घेऊन लई वेळा गेले. काय दिसलं न्हाय. मला संशय येतो तो जित्या माणसांचा. आणि तो बहुतेक खरा निघतो.

माझी सून रेश्मा (नाव बदललंय) बी.ए. होऊन आमच्या घरी आली. तिची पोरगी शाळेत जायला लागल्यावर मला म्हणाली (आमच्यात सासूला आत्याच म्हणतात), “आत्या, बी.एड. करू?” घरात सगळ्यांनी नाक मुरडलं. मी एकटी भांडले. कॉलेज बेळगावात, पण सरावाचे पाठ घ्यायला तिला शाळा मिळाली निपाणीच्या जवळच, तंबाखूच्या शेतांमधल्या एका गावात. मराठी शाळा, आठवीचा वर्ग, वर पत्रा, उजव्या हाताला खिडकी.

या सरावाची एक रीत असते. शिकाऊ मास्तरीण पाठ घेते, सोबतची दुसरी शिकाऊ मागच्या बाकावर बसून बघते, आणि कॉलेजच्या मॅडम येऊन पाठाच्या वहीत शेरा लिहून सही करतात. मॅडमचा शेरा लाल पेनानं. सही न्हाय तर तो पाठ धरतच न्हाईत.

एक दिवस रेश्मा वही घेऊन माझ्यापुढं बसली. लाल शेऱ्याच्या खाली पेन्सिलीनं एक ओळ... ‘फळ्याशी बोलू नये. वर्गाशी बोलावे.’ खाली सही न्हाय.

“मॅडमनीच लिहिलं असंल की गं.”

“मॅडम म्हणतात माझं न्हाय. आणि आत्या, मी खरंच फळ्याकडं तोंड करून बोलत होते.”

पुढच्या आठवड्यात नकाशाचा पाठ होता. परत पेन्सिल. ‘खिडकीजवळची मुलगी दोनदा हात वर करून थांबली. तिला विचारले नाही.’

मी लगेच म्हणाले, ही भारतीच. भारती म्हणजे मागं बसणारी तिची जोडीदारीण. गोड बोलते, डब्यातलं निम्मं हिचंच खाते, आणि मार्कांवर डोळा. पण रेश्मा म्हणाली, त्या दिवशी भारतीला ताप होता, मागचा बाक मोकळाच होता.

मग, खोटं कशाला बोलू, मला रेश्माचाच संशय आला. आपणच लिहून आपणच घाबरत असंल? तिच्या दप्तरातल्या पेन्सिली काढून बघितल्या मी. ती दारात उभी राहून बघत होती. ते अजून मला टोचतं.

मॅडमनाही तेच वाटलं. त्यांनी तिला सरळ सांगितलं, “हे तूच लिहितेस. परत एकदा दिसलं तर सगळे पाठ रद्द. पुढच्या वर्षी पहिल्यापासून.” पुढच्या वर्षी! घरातली माणसं तिला पुढच्या वर्षी परत जाऊ देणार होती व्हय? त्या रात्री ती जेवली न्हाय.

शेवटच्या पाठाला मी स्वतः गेले. मॅडमना हात जोडले. “मी हिची सासू. माझाही हिच्यावर संशय हाय. वही आज माझ्या मांडीवर राहू दे, बघू कोण लिहितंय.”

मॅडम हसल्या. “बसा आजी.” त्यांनी कोरं पान उघडून बघितलं, कोपऱ्यात लाल पेनानं छोटी सही केली आणि वही मिटून माझ्याकडं दिली. मी ती मांडीवर ठेवली, वर पदर, पदरावर दोन्ही हात. मागच्या बाकावर मी एकटी. मॅडम दाराजवळ खुर्चीत, भारती त्यांच्या शेजारी.

आणि रेश्मा शिकवायला लागली... काय सांगू! पोरांकडं तोंड करून, खिडकीजवळच्या पोरीला पहिलं विचारून, एकेकाला उभं करून धडा वाचून घेत. मी संशय-बिंशय विसरून धडाच ऐकत बसले. पण हात हलवला न्हाय.

तास संपला. मॅडमनी वही घेतली, पान उघडलं, आणि पेनाचं टोपण हातातच राहिलं.

कोपऱ्यात त्यांची सही होती. मधे पेन्सिलीनं... ‘मागच्या बाकावर बसलेल्या बाईंनाही आज वाचायला उठवायला हवे होते.’

“आजी, पेन्सिल दाखवा.”

“कुठली पेन्सिल?”

माझी पिशवी पालथी केली त्यांनी. पान, चुना, रुमाल, बसचं तिकीट. मग आपलं पेन माझ्यापुढं धरलं. “हीच ओळ लिहून दाखवा.”

आता सांगते, जे तोवर घरात कुणालाच म्हाईत नव्हतं. मला नुसतं वाचता यायचं. विड्या वळताना सुपाखालच्या पेपरातनं एकेक अक्षर जोडत मी आपली आपण शिकले. पण लिहायला कुणी पाटी दिली न्हाय. मी रोज पेपर वाचते म्हणून सगळ्यांनी धरलं, हिला लिहिताही येतं. मीही कधी बोलले न्हाय.

मी पेन धरलं. आडवी एक रेघ निघाली, तीही वाकडी. आठवीची पोरं बघत होती.

“न्हाय येत मला,” मी म्हणाले. “अंगठा देते.”

रेश्मानं पुढं येऊन माझा हात धरला. मॅडमनी ती वाकडी रेघ निरखून बघितली. मग त्यांनी त्या पेन्सिलीच्या ओळीखालीच सही केली. पाठ धरला. रेश्मा पास झाली, आता नोकरीला लागलीय.

मी बाजारातनं नातीच्या नावानं अंकलिपी आणली. रेश्मा कॉलेजला गेली की दुपारी पेन्सिल घेऊन एकटीच गिरवत बसायची. ती पाठाची वही तेव्हा कॉलेजातच जमा होती. निकालानंतर कितीतरी दिवसांनी परत आली, तशीच ट्रंकेत गेली.

मागच्या आठवड्यात ट्रंक आवरताना ती हाताला लागली. शेजारी माझी वही होती, जिच्यात मी आता किराण्याची यादी, नातीच्या गोष्टी लिहिते. सहज दोन्ही उघडल्या...

‘फळ्याशी’ मधला ळ. दुसरं वाटोळं पुरतं मिटलेलं न्हाय, शेपूट वर ओढलेलं. माझा ळ तसाच. ओळ शेवटी वर चढते, माझी चढते. पेन्सिल इतकी दाबलेली की पानाच्या मागं हाताला लागते, आणि त्याबद्दल नात मला रोज हसते.

पहिल्या दोन पाठांना मी त्या गावात गेलेच नव्हते. आणि तेव्हा मला लिहिता येत नव्हतं... न्हाय ना येत? वर्गासमोर तर न्हायच आलं.

रेश्माला अजून सांगितलं न्हाय. ती परत दारात उभी राहून माझ्याकडं तशी बघंल, याचीच भीती वाटते. वह्यांचा फोटोही इथं टाकणार न्हाय. तुम्हीच या गं कुणीतरी, लवकर या. दुपारी मी घरी एकटीच असते. चहा करते, दोन्ही वह्या पुढ्यात ठेवते. मी तुमच्यासमोर एक ओळ लिहीन, आणि तुम्ही फक्त खरं काय ते सांगा.