न वाजणारा भाता

वहिनीचा फोन आला तेव्हा मी एव्हरशाईन वसाहतीत, आमच्या इमारतीखाली भाजी घेत होते. दादा गेला, अंगणातल्या खुर्चीत बसल्या बसल्या, एवढंच ती म्हणाली. बसल्या बसल्या... माझा विश्वासच बसेना. आमचा आंतोनदादा एका जागी कधी टिकलाच नव्हता. हृदय थकलंय, पडून राहा, असं डॉक्टरांनी बजावलं तरी तो केळीच्या वाडीत चकरा मारायचा. रविवारी चर्चमध्ये मिस्सेलाही दाराशी उभा राहायचा, मध्येच बाहेर सटकता यावं म्हणून.

शेवटच्या काही महिन्यांत त्याने एक खूळ घेतलं होतं. त्याची नात लिओना तिरंदाजी शिकते. वळताना कमरेच्या भात्यातले बाण खडखडतात आणि मी बिथरते, असं ती एकदा म्हणाली. दादा तरुणपणी तुंगारेश्वरच्या रानात तीरकमठा घेऊन डुकरांमागे हिंडलेला. शिकार त्याने पुढे सोडली, पण बाण वाजला की जनावर पळतं, हे तो विसरला नव्हता. भाता मीच करतो, म्हणाला. पहिला पाइपचा केला, तो जड झाला. पुठ्ठ्याचा केला, तो दुमडला. मग जुन्या रेक्झिनच्या बॅगेचे तुकडे शिवून, आत कप्पे पाडून, तळाशी घोंगडीचा थर घातला. मी भेटायला गेले की तो भाता हलवायचा, कान लावायचा, आणि काहीतरी ऐकू आलं म्हणून पुन्हा शिवण उसवायचा. एकदा मी चिडले. पुरे आता, जरा पड, म्हटलं.

"पडलो की छातीचाच आवाज ऐकू येतो, बाय," तो म्हणाला...

मीच त्याला सुई ओवून दिली.

भाता पुरा झाला, कमरेला बांधायचा पट्टा तेवढा राहिला. दादाच्या महिन्याच्या मिस्सेनंतर आम्ही भाता काढला, तर लिओनाकडचा अरुंद पट्टा भात्यामागे शिवलेल्या रुंद वळ्यांत सैल पडून भाता डुलू लागला. वहिनी तेवढ्यात दोनदा आत-बाहेर करून आली. तिसऱ्यांदा आली ती दादाचा रुंद चामडी पट्टा घेऊन. वर्षानुवर्षं वापरलेलं भोक ताणून लांबट झालं होतं. तिथून बरंच आत, खिळ्याने पाडलेलं एक नवं भोक होतं. ते त्याने कधी पाडलं, वहिनीलाही ठाऊक नव्हतं.

लिओनाने भाता अडकवून पट्टा बांधला. काडीसारखी पोर ती. तिला ते नवं भोकच बरोबर बसलं.

वहिनी त्या बकलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जा आता, सरावाला उशीर होईल."